चार नंबरची खुंटी

बाईंनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, दर सुट्टीत त्यांच्यासाठी कोल्हापूरहून गूळ वाहून आणला, त्यांच्या मोपेडवर मागं जीव मुठीत धरून बसले, पण नाव म्हणून घेतलं नाही बाईंनी. ‘चार नंबर’ म्हणायच्या. ‘ए चार नंबर, इकडं ये.’ तुरुंगातल्या कैद्याला पुकारावं तसं. आणि मी ‘आले बाई’ म्हणत धावत जायचे, हे त्याहून वाईट.

लखनौला आमचं एक सरकारी सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. काम बागा मोजायचं. कुणाच्या बागेत आंब्याची किती झाडं, पेरूची किती, हे गावोगावचे लेखपाल लिहून पाठवायचे. लेखपाल म्हणजे आपला तलाठी. आमच्या खोलीत ते आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाच्या, बेरजा काढायच्या. बाई या खोलीच्या प्रमुख. मूळच्या सांगलीच्या. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. छावणीत एका मराठी कर्नलच्या बंगल्यामागं दोन खोल्या घेऊन राहायच्या आणि तिथून मोपेडवर यायच्या. मोपेड इतकी हळू चालवायच्या, की सकाळी पळायला निघालेले जवान त्यांना मागं टाकून जायचे. तरी वाटेत रिक्षावाल्यांनाच ओरडायच्या, ‘ओ भैया, जरा सावकाश लो ना! मरने का है क्या?’ त्यांचं हिंदी असंच. लखनौत राहून जन्म गेला, पण ‘सावकाश’ला हिंदी शब्द त्यांनी शोधला नाही. लखनौवाल्यांनीच ‘सावकाश’ शिकून घेतला.

खुंट्यांचं सांगते, म्हणजे चार नंबर कळेल. खोलीत दाराशेजारी लाकडी फळीवर पाच खुंट्या होत्या, बाईंनी अमीनाबादच्या बाजारातून स्वतः आणलेल्या. प्रत्येकीवर खडूनं नंबर. एक नंबर आकडे चढवणारे, दोन तपासणारे, तीन नकाशेवाले, चार बेरजा करणारे, पाच नंबर आमचे चपराशी मिसिरजी. मी आले ती बेरजांच्या कामावर, म्हणून माझी पिशवी चारवर. पहिल्याच दिवशी मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, “नावं मला टिकत नाहीत. खुंटी टिकते.” नवी माणसं आली तेव्हा ऑफिसच्या साहेबांनी खुंट्या वाढवून देतो म्हटलं, तर ताडकन नाही म्हणाल्या. खुंटी माणसाची नसते, कामाची असते, आणि कामं पाचच आहेत. ज्याला यायचं त्यानं आपल्या कामाच्या खुंटीला यावं, आधीच्याची पिशवी न काढता तिच्यावर आपली टांगावी. कुणी दुसऱ्याची पिशवी काढून टेबलावर ठेवली तर बाई अख्खा दिवस त्याच्याशी बोलत नसत.

पण मी होते तेव्हा चारवर मी एकटीच होते. हे महत्त्वाचं आहे. एकला दोघं, दोनला तिघं, आणि चारला मी. ‘चार नंबर’ म्हटलं की मीच. नाव नाही तर नाही, पण हे तरी माझं होतं. शिवाय त्या खोलीत मराठी आम्ही दोघीच. दुपारी डबा खाताना बाई मध्येच मराठीत काहीतरी पुटपुटायच्या, साहेबांच्या टकलाबद्दल वगैरे, आणि मी एकटीच फिसकन हसायचे. बाकीचे विचारायचे, “क्या हुआ? हमें भी बताइए.” आम्ही सांगायचो नाही. काय सुख होतं त्या न सांगण्यात!

मग मी बाळंतपणाला कोल्हापूरला गेले. आईकडं डिंकाचे लाडू खात, शेक-शेगडी घेत पडले होते. आणि इकडं माझ्या खुंटीवर दुसरीची पिशवी चढली.

परत आले त्या दिवशीचं अजून डोळ्यांपुढं आहे. चारवर चिकनकारीची, पांढऱ्यावर पांढरी फुलं काढलेली नाजूक पिशवी. शेजारी उभी एक उंच, बारीक मुलगी, लांब वेणी, अलीगंजात राहणारी. मी तिला मनात कायम अलीगंजवालीच म्हटलं, आताही तेच म्हणणार. मला बघून ती अदबीनं म्हणाली, “अरे, आप ही दीदी हैं न? हमने आपके बारे में बहुत सुना है. आइए, पहले आप टाँगिए.” आणि आपली पिशवी काढायला लागली. बाई टेबलावरून ओरडल्या, “पिशवी को हात नही लगाने का! उसके ऊपर टाँगेगी वो.”

तिच्या ऊपर! म्हणजे नियम होता हे खरं, पण आधी कोण होतं? मी माझी जुनी रेक्झिनची पिशवी त्या चिकनकारीवर टांगली आणि मुद्दाम जरा जोरात टांगली.

खरं सांगायचं तर मुलगी वाईट नव्हती, आणि तेच तर दुखणं होतं. वाईट असती तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आम्ही जुन्या पद्धतीनं काम करायचो. कॉम्प्युटरला सांगायचं, पहिली ओळ घे, तिचा ब्लॉक बघ, त्या ब्लॉकच्या खात्यात झाडं मिळव. आता दुसरी घे. असं एकेक करत शेवटपर्यंत. तोवर चहा होऊन जायचा. ही मुलगी कॉम्प्युटरचं नवीन पॅकेज शिकून आली होती. त्यात सगळी रांगच्या रांग एका ओळीत उचलायची, एकदम. ‘सगळ्या ब्लॉकांच्या खात्यात सगळी झाडं मिळव’ असं एकच वाक्य, आणि मशीन पापणी लवायच्या आत मोकळं. बाई तिच्या खुर्चीमागं उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “बरं आहे.”

आता बाईंचं ‘बरं आहे’ म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. बाई शाबास म्हणत नसत, छान म्हणत नसत. ‘बरं आहे’ ही वरची पायरी. मला ते एकदा मिळालं होतं, आणि त्यावर मी बाळंतपणापर्यंत तगले होते. हिला आल्या आल्या! आणि तेही मराठीत!

पुढं तर ती मराठी शिकायला लागली. बाईच शिकवायच्या. एक दिवस मी डबा उघडते तर ही मान वेळावून मला विचारते, “काय गं ताई, जेवलीस?” सगळी खोली हसली, बाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांच्या टकलावर आता आम्ही तिघी हसणार होतो की काय? घरी येऊन नवऱ्याला हे सगळं ऐकवायचे. तो बँकेतून दमून आलेला, बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायचा आणि म्हणायचा, “मग, काय म्हणते आज तुझी सवत?” त्याला गंमत. माझा जीव जात होता.

बाईंचं आणखी एक खूळ म्हणजे काला. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी बाई मोपेडच्या पुढ्यात भलंमोठं पातेलं घेऊन यायच्या. त्यात लाह्या, पोहे, दही त्यांचं, आणि प्रत्येकानं आपल्या डब्यातलं काहीतरी घालायचंच. ही आपल्याकडची रीत लखनौवाल्यांना कशी पचणार? तिथं कढी वेगळ्या वाटीत, भाजी वेगळ्या वाटीत, सगळं नजाकतीनं. पहिल्या वर्षी मिसिरजींनी अरबीची, म्हणजे आपल्या अळकुड्यांची, भाजी दह्यात पडताना पाहिली आणि ‘राम राम, मैडम, ये तो अनर्थ है’ म्हणून डोळे झाकले. नंतर तेच पातेलं निपटायला सगळ्यांत पुढं. त्या वर्षी मी पहाटे उठून पाट्यावर मिरचीचा खर्डा वाटून नेला. अलीगंजवालीनं डाळिंब सोलून आणलं होतं. बाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, म्हणाल्या, “बरं झालंय.”

माझ्यानं राहवेना. “बाई, खर्डा लागतोय का?”

“काय लागायचंय?”

“माझा खर्डा हो. चव येतेय का त्याची?”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “काल्यात हे विचारत नसतात, चार नंबर. वेगळं चाखून घ्यायचं होतं तर वाटीत आणायचास.”

अलीगंजवाली गालात हसली. मला वाटलं, पातेलं उचलून तिच्या त्या वेणीवर ओतावं.

आणि मग देवानं माझं ऐकलं. आंब्याच्या मोजणीचा मोठा तक्ता वर साहेबांकडं जायचा होता. अलीगंजवालीनं तो सकाळीच काढला, प्रिंटरमधून कागद फाडून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेली. मी सहज नजर टाकली. मलिहाबाद ब्लॉक, आंब्याची झाडं: नऊ.

मलिहाबाद! जिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंब्याशिवाय दुसरं झाड दिसत नाही, जिथल्या दशहरी आंब्यासाठी माणसं जीव टाकतात, तिथं नऊ झाडं. माझ्या सासूच्या माहेरी परसात यापेक्षा जास्त असतील. मी तो कागद असा हातात धरला, लग्नात अक्षता घेऊन निघावं तशी निघाले, आणि भर खोलीत बाईंच्या टेबलावर ठेवला. “बाई, मलिहाबाद बघा.”

बाईंनी बघितलं. आधी काही कळेना त्यांना. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता चष्मा काढून ठेवावा लागला. “नऊ!” म्हणत होत्या. “अगं, नऊ! नवाबांच्या माकडांना पुरायची नाहीत गं!” अलीगंजवाली दारात उभी, हातात पाण्याचा पेला, चेहरा उतरलेला. मला काय वाटलं म्हणून सांगू? गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

आता ओरडतील, मग ओरडतील म्हणून मी वाट बघते, तर बाई उठल्या आणि खुंट्यांपाशी गेल्या. “दोघी इकडं या. आपापल्या पिशव्या काढा.” आम्ही काढल्या. चार नंबर रिकामी. “आता मी मशीन. मी सुरुवातीलाच एकदा बघून ठेवलं, चारवर काय आहे? काही नाही. बरोबर? आता पहिली ये.” मी गेले. बाईंनी माझी पिशवी टांगली. “काही नाही अधिक ही पिशवी, म्हणजे ही पिशवी. आता दुसरी ये.” अलीगंजवाली पुढं झाली. “मी परत खुंटीकडं बघतच नाही. मला घाई आहे. मी मघाशी बघून ठेवलंय ना, काही नाही म्हणून? काही नाही अधिक ही पिशवी, म्हणजे ही पिशवी.” असं म्हणून त्यांनी माझी पिशवी काढून खाली टाकली आणि चिकनकारीची टांगली. “झालं. चारवर एकच पिशवी. जी शेवटी आली तिची. मलिहाबादच्या एवढ्या बागा आल्या आणि गेल्या, शेवटी कुणा बिचारीच्या परसातली नऊ झाडं आली, तीच राहिली.”

खोलीतले सगळे ‘वाह वाह’ करायला लागले, शायरी ऐकल्यासारखे. मी मात्र जमिनीवर पडलेल्या माझ्या पिशवीकडं बघत होते. रडू येईल असं वाटलं, खरंच. मला बेरजेचं काही पडलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, हेच तर मी म्हणतेय इतके दिवस! बाईंनी वाकून पिशवी उचलली, धूळ झटकली आणि चिकनकारीवर टांगली. “मशीनला हे सांगावं लागतं,” एवढंच बोलल्या.

मग आम्हा दोघींना एका खुर्चीवर आणि एका स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, जुन्या पद्धतीनं एकेक करू. ती म्हणाली, “दीदी, शाम हो जाएगी.” बरंच भांडलो. शेवटी मलाच सुचलं, आणि हे मी आजही ठासून सांगते, मलाच, की एकाच ब्लॉकच्या ओळी आधी शेजारी शेजारी आणायच्या, एकेका ब्लॉकचा गठ्ठा करायचा, त्याची बेरीज करायची आणि मगच खात्यात टाकायची. म्हणजे एका खात्यावर एकदाच जावं लागेल. तिनं ते तिच्या पद्धतीनं झरझर लिहिलं. चहा यायच्या आत मलिहाबाद परत आंब्यांनी भरून गेलं.

साहेब आले तेव्हा त्यांना कुणकुण लागलेलीच होती. मी पदर नीट करून उभी. आता नाव घ्यावंच लागेल बाईंना, साहेबांना काय खुंट्या कळणार?

“सुना है बड़ी गड़बड़ हो जाती,” साहेब म्हणाले. “किसने पकड़ी?”

“चार नंबर ने,” बाई म्हणाल्या.

“और यह जल्दीवाला तरीका किसका है?”

“चार नंबर का.”

“अच्छा? और गलती किसकी थी?”

“वो भी चार नंबर की.”

साहेबांनी खुंटीकडं बघितलं, मग आमच्याकडं. मी वयानं मोठी, मी पुढं. माझ्याकडं बघून म्हणाले, “आगे से ध्यान रखिए.”

ध्यान रखिए! मला! ते गेल्यावर मी बाईंवर तुटून पडले. “बाई, चूक तिची होती! पकडली मी! तुम्ही सगळं एकात का घातलंत?”

बाई छत्रीची मूठ पुसत होत्या. “मला बेरीज बरोबर हवी होती, ती आली. बेरीज झाल्यावर कुणाचं किती होतं, हे त्यातनं परत निघत नाही, बाळा. ते ज्याला हवं असतं त्यानं बेरजेच्या भानगडीत पडू नये.” आणि मला बाळा म्हणाल्या म्हणून मी विरघळले, तर पुढचं वाक्य, “तिलाही बोलाव, दोघींना जिलबी घेते.”

बाई निवृत्त झाल्या तेव्हा चारबाग स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. बाईंची ट्रंक हमालाला द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. अलीगंजवालीनंही तेच ठरवलं होतं. एक कडी मी धरली, एक तिनं, आणि दोघी एकमेकींकडं न बघता ती फलाटभर ओढत नेली. गाडी हलायच्या आधी बाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडल्या, “चार नंबर! छत्री राहिली!” आम्ही दोघीही धावलो. बाकावरून छत्री तिनं आधी उचलली. तिचे पाय लांब होते.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. आम्ही लखनौलाच राहिलो, माझं बाळ शिकून नोकरीला लागलं, अलीगंजवाली बदलून दुसऱ्या शहरात गेली. कोल्हापूरला भाच्याच्या लग्नाला गेले तेव्हा मनात आलं, सांगली काय लांब आहे? लखनवी रेवडीचा पुडा घेऊन एसटीनं गेले. बाईंच्या पुतणसुनेनं दार उघडलं. म्हणाली, “दिसत नाही आता त्यांना फारसं. पण बोलतात भरपूर.”

बाई आरामखुर्चीत. पायात तेच पांढरे बूट, घरातसुद्धा. माझा आवाज ऐकून चेहरा उजळला. “आली का माझी चार नंबर! ये, बस.”

बसले. हात हातात घेतला त्यांनी. आणि सुरू झाल्या. “तुझं बाळ कसं आहे गं? आणि तो तुझा मिरचीचा खर्डा, आजपर्यंत तसा काला झाला नाही बघ.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चव लागली होती तर! “आणि डाळिंबाचे ते दाणे. सकाळपासनं सोलत बसली होतीस. मलिहाबादची नऊ झाडं! तूच केलीस आणि तूच पकडलीस. काय हुशार पोर! आणि मराठी किती गोड बोलायला लागलीस, काय गं ताई, जेवलीस?”

मी म्हटलं, “हो बाई.” डाळिंबालाही हो म्हटलं, गोड मराठीलाही. छत्री तू धावत आणून दिलीस, म्हणाल्या, त्यालाही हो म्हटलं. मिळतंय ते सगळं घेतलं. का घेऊ नये? इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि तिथं दुसरं कुणी वाटेकरी नव्हतं. एकटी मी आणि बाई.

पण लोभ वाईट. निघताना उंबऱ्याशी थांबले आणि जे आयुष्यभर विचारायचं होतं ते विचारलं. “बाई, एकदा सांगा ना. मी कोण?”

“कोण म्हणजे? चार नंबर.”

“तसं नाही हो. माझं नाव.”

बाई हसल्या. मान हलवली, हट्टी पोरीकडं बघून हलवावी तशी. “मागच्या महिन्यात आली होतीस, तेव्हाही जाताना तिथंच थांबून हेच विचारलंस. अगदी रडवेली होऊन.”

मागच्या महिन्यात मी लखनौला होते. बाईंच्या घरी आयुष्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा आले होते. पुतणसून काहीतरी बोलणार होती, तिला मी हातानंच थांबवलं. दाराशेजारी भिंतीवर एक खुंटी होती आणि तिच्यावर चिकनकारीची, पांढऱ्या फुलांची एक पिशवी टांगलेली होती, बाईंना भेट दिलेली असणार, दोरीला अजून दुकानाची चिठ्ठी होती. रेवडीचा पुडा माझ्या हातातच राहिला होता. तो मी माझ्या कापडी पिशवीत घातला आणि पिशवीसकट त्याच खुंटीवर तिच्या पिशवीवर टांगला.

“टांगलीस का?” बाईंनी विचारलं.

“टांगली,” मी म्हटलं.